स्केटबोर्ड शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी: हात का धरू नये

आमच्याकडे बोर्ड घेणारे आणि मुलांना सरावाला पाठवणारे पालक दोन प्रश्न हमखास विचारतात: ‘किती दिवसांत येईल?’ आणि ‘सर नुसतेच उभे का असतात?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण शनिवार-रविवारच्या गर्दीत त्यांची सविस्तर उत्तरे देता येत नाहीत, म्हणून हे पत्रक.

प्रथम ज्या एका सवयीपायी आमचा आणि आपल्या पाल्याचा सर्वांत जास्त वेळ जातो, तिच्याविषयी. मूल बोर्डवर चढले की पालक काळजीपोटी त्याचे दोन्ही हात धरतात आणि शेजारून चालू लागतात. त्या क्षणी मुलाकडे नीट पाहावे. त्याचे खांदे वर चढलेले असतात, गुडघे ताठ असतात, कंबर मागे गेलेली असते आणि शरीराचा भार पायांऐवजी आपल्या हातांवर आलेला असतो. बोर्डवर टिकायचे तर याच्या उलट करावे लागते, म्हणजे गुडघे वाकवून भार पुढच्या पायावर किंचित जास्त ठेवावा लागतो. मागे रेललेल्या मुलाचा हात सुटला की बोर्ड पुढे निसटतो आणि मूल पाठीवर किंवा टेकलेल्या मनगटावर पडते. ज्या मुलांना सोसायटीच्या आवारात महिनाभर असे हात धरून फिरवलेले असते, त्यांची रेलण्याची सवय मोडण्यातच आमचे पहिले तीन-चार तास जातात.

आमच्याकडे सुरुवात म्हणूनच गवतावर होते. तेथे चाके फिरत नसल्याने मूल निर्धास्तपणे चढते, उतरते, उडी मारून पुन्हा बोर्डवर येते. त्यानंतर बोर्डवरून पळत उतरणे आणि नी-पॅडवर घसरत पडणे शिकवले जाते. फरशीवर गेल्यावर आधार लागलाच, तर प्रशिक्षक आपला हात आडवा धरतात आणि मूल त्यावर तळवा टेकवते. आधार त्यानेच घ्यायचा आणि त्यानेच सोडायचा, हा आमचा नियम आहे.

आता प्रशिक्षकांच्या उभे राहण्याविषयी. हा खेळ प्रशिक्षकांशिवाय वाढलेला आहे. कॅलिफोर्नियातील मुले रिकाम्या पोहण्याच्या तलावांच्या उतारांवर एकमेकांचे पाहून शिकली. हात न लावता बोर्डसकट उडी घेण्याची ‘ऑली’ ॲलन गेलफँडने १९७०च्या दशकाच्या अखेरीस अशाच उतारावर केली आणि पुढे काही वर्षांत रॉडनी मलेनने ती सपाट जमिनीवर आणली. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावी २०१५ मध्ये स्केटपार्क झाला, तेव्हा तेथील मुलांनीही एकमेकांकडूनच हा खेळ उचलला. शाळेत न जाणाऱ्याला तेथे बोर्ड मिळत नसे, हा त्यांचा नियम आम्हाला फार आवडतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, महिलांच्या स्ट्रीट (रस्त्यावरच्या पायऱ्या, कठडे यांसारख्या अडथळ्यांवरच्या कसरतींच्या) प्रकाराचे सुवर्णपदक मोमिजी निशिया या १३ वर्षांच्या जपानी मुलीने जिंकले, त्यानंतर आमच्याकडे चौकशी करणाऱ्या पालकांच्या मनात क्रिकेटच्या नेट्सचे चित्र असते. तसे येथे नसते. प्रशिक्षक एका वेळी एकच चूक सांगतात आणि मग आठ-दहा प्रयत्न गप्प राहून पाहतात, कारण सांगितलेले पायांत उतरायला तेवढे प्रयत्न लागतात. वयाने लहान-मोठी मुले आम्ही एकाच वेळी ठेवतो, तेही मुद्दाम. मागच्या महिन्यात नऊ वर्षांची एक मुलगी जवळजवळ वीस मिनिटे बोर्ड मांडीवर घेऊन कठड्यावर बसली होती, आणि तिची आई अस्वस्थ होऊन काउंटरवर आली. ती मुलगी तिच्याहून थोड्याच पुढे असलेल्या एका मुलाचे वळण घेणे पाहत होती. उठली, आणि तिसऱ्या प्रयत्नात तिने ते वळण घेतले. त्या वीस मिनिटांचे शुल्क वाया गेले असे आम्हाला वाटत नाही.

कठड्याबाहेरून ‘गुडघे वाकव, हात पसर, पुढे बघ’ असे एकदम सांगू नये, ही विनंती. मूल आपल्याकडे वळून पाहते, मान वळली की खांदे वळतात आणि बोर्डही तिकडेच जातो.

दिवसांचे उत्तर ठाम देता येत नाही. नियमित सराव असेल तर ढकलत जाणे आणि वळणे काही आठवड्यांत जमते. ऑलीला बहुधा काही महिने लागतात. आम्ही प्रमाणपत्र देत नाही.

बोर्ड घेण्याची घाई करू नये. पहिला महिना आमचा भाड्याचा बोर्ड आणि हेल्मेट वापरावे. पुढे खरेदी केल्यास बोर्डचे भाडे किमतीतून वजा होते. खेळण्यांच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या चाकांचा बोर्ड धड सरकतच नाही आणि मुलाला वाटते, आपल्यालाच जमत नाही. आम्ही सात थरांच्या मेपल लाकडाचे बोर्ड ठेवतो. सोसायटीच्या खडबडीत काँक्रीटसाठी ७८ए इतकी मऊ, मोठी चाके देतो (हे चाकाच्या कडकपणाचे माप आहे, आकडा जितका कमी तितके चाक मऊ). ९९एची कडक चाके पार्कच्या गुळगुळीत जमिनीसाठी असतात. पळण्याचे जाड तळाचे बूट चालत नाहीत, सपाट तळाचे आणावेत. बोर्ड पावसात नेऊ नये आणि नळाखाली धुऊ नये, बेअरिंग गंजतात.

येण्यापूर्वी घरी एक करावे. मुलाला मोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावत येऊन घसरायला सांगावे आणि कोणता पाय आपोआप पुढे जातो ते पाहून आम्हाला कळवावे, बोर्डवरही बहुधा तोच पाय पुढे ठेवायचा असतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा डावाच पाय पुढे असेल असे नाही, त्यामुळे कशासाठी पाहत आहोत हे मुलाला आधी सांगू नये.