चित्रकलेचा तास की चित्रातून धडा?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला-एकात्मिक शिक्षणावर भर दिला. भाषा, गणित, परिसर अभ्यास हे विषयच चित्र, नाट्य, हस्तकला यांच्या आधाराने शिकवायचे, अशी ही कल्पना. तेव्हापासून शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात हा शब्द ऐकू येतो, आणि तो कालपरवाच दिल्लीहून आल्यासारखा सांगितला जातो. महाराष्ट्राला तरी त्याची नवलाई वाटायचे कारण नाही. वर्ध्याजवळ ही गोष्ट ऐंशी वर्षांपूर्वी वर्गात उतरली होती. मग ती राज्यभर का रुजली नाही, हे समजून घ्यायला आधी मुंबईकडे पाहावे लागते.

सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि १८५७ मध्ये मुंबईत त्यांच्या नावाच्या कलाशाळेचे वर्ग सुरू झाले. हेतू होता कारागीर घडवण्याचा. लंडनमध्ये १८५१ चे मोठे औद्योगिक प्रदर्शन झाल्यावर साउथ केन्सिंग्टनला चित्रकला शिकवण्याची एक शिस्त बसवली गेली होती. तीच इथेही आली. सरळ रेषा, भौमितिक आकृत्या, प्लास्टरचे नमुने आणि त्यांची हुबेहूब नक्कल. डोळा नेमका हवा, हात स्थिर हवा. मुलाला काय सांगायचे आहे, हा प्रश्नच त्यात नव्हता.

आपल्या शाळांतली चित्रकला बरीचशी याच वळणाने गेली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांतले वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन कितीतरी पिढ्यांना पाठ आहे. या परीक्षांना नावे ठेवणे सोपे आहे, पण तालुक्याच्या गावातल्या मुलाला चित्रकार होता येते हे त्यांनीच दाखवले. त्यांच्यामुळे एक समज मात्र पक्का झाला: चित्रकला हा ज्याचा ‘हात चांगला’ त्याचा विषय. बाकीच्यांसाठी तो आठवड्यातला एखादा तास, आणि परीक्षा जवळ आली की गणिताच्या सरांनी मागून घ्यायचा.

वर्ध्याची वाट वेगळ्या प्रश्नापासून सुरू होते. आपले अक्षर वाईट याची गांधीजींना आयुष्यभर खंत होती. मुलांना लिहिण्याआधी चित्र काढायला शिकवावे, असे त्यांनी आत्मकथेत म्हटले आहे. मूल फूल, पक्षी जसे पाहून ओळखते तसेच अक्षरही आधी पाहून ओळखू दे, आणि वस्तू काढता येऊ लागल्या की मग लिहू दे. चित्र इथे अक्षरओळखीची पहिली पायरी आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने सात वर्षांच्या मूलभूत शिक्षणाचा आराखडा केला. त्यातले वेळापत्रक मुळातून पाहण्यासारखे आहे. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला, म्हणजे सूतकताई, शेती किंवा सुतारकाम यांसारख्या कामाला. मातृभाषेला ४० मिनिटे. संगीत, चित्रकला आणि गणित या तिघांना मिळून ४० मिनिटे! मिनिटे मोजली तर चित्रकलेच्या वाट्याला फारच थोडे आले. पण पहिल्या चार वर्षांत चित्रकला वाचनाशी आणि निसर्गाभ्यासाशी जोडावी, पुढच्या तीन वर्षांत नक्षी, सजावट आणि कामासाठी लागणारे अचूक आरेखन यांवर भर द्यावा, असे समितीला अभिप्रेत होते. हातातल्या कामातूनच भाषा, गणित, विज्ञान शिकवायचे. नई तालीमचे, म्हणजे गांधीजींच्या या मूलभूत शिक्षणाचे, लोक याला समवाय म्हणत. आजच्या परिपत्रकांतल्या ‘एकात्मिक’ला हा जुना शब्द सहज पुरला असता, पण तो कुणाला आठवला नाही.

समितीच्या आराखड्यात कलेला उपयोगाची चौकट होती. ती मोकळी केली देवीप्रसाद यांनी. शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकून ते १९४४ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले. शिक्षणाचा पायाच कला असावा, असे ते मानत आणि पुढे या अनुभवावर त्यांनी पुस्तकही लिहिले. मोठ्या माणसाचे चित्र मुलाने गिरवावे हे त्यांना मान्य नव्हते. मुलाचे चित्र ही त्याची स्वतःची भाषा आहे, म्हणून ते दुरुस्त करायचे नसते, समजून घ्यायचे असते. मुंबईच्या आणि सेवाग्रामच्या वाटा इथे खऱ्या अर्थाने वेगळ्या होतात.

त्याच सुमारास दुसऱ्या टोकाला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. पाने, बिया, खडे, शिंपले हेच त्यांचे शैक्षणिक साहित्य. महागडे रंग नाहीत म्हणून कलेतून शिकवता येत नाही, ही सबब कोसबाडने तेव्हाच निकालात काढली होती.

पुढे मूलभूत शाळा ओसरल्या. हस्तोद्योग ही गरिबांच्या मुलांची शाळा, पुस्तकी शाळा ती खरी, असे पालकांनाच वाटू लागले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) मूलोद्योगाच्या जागी कार्यानुभव, म्हणजे हाताने काम करण्याचा अनुभव देणारा विषय, आणला. मग वेळापत्रकात कार्यानुभव एकीकडे आणि चित्रकला दुसरीकडे असे दोन सुटे तास उरले, समवाय गेला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने प्राथमिक स्तरावर कला इतर विषयांत मिसळण्याचा आग्रह पुन्हा धरला आणि २०२० च्या धोरणाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

अडचण माझ्या मते धोरणाची कधीच नव्हती, माणसाची होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार कलेसाठी अंशकालीन निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीला, तोही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला वर्गशिक्षकच चित्रकलेचे गुरुजी. ‘खेळू, करू, शिकू’ हे बालभारतीचे पुस्तक त्यांच्याच हाती असते. यांतले अनेक जण ‘माझा हात चांगला नाही’ असे ऐकत मोठे झालेले. पिंपळाचे आणि आंब्याचे पान शेजारी शेजारी काढायला लावून शिरांमधला फरक मुलांकडून बोलवून घेणे, हा परिसर अभ्यासाचा उत्तम धडा आहे; त्यासाठी शिक्षकाला सुंदर पान काढता यावे लागत नाही. हे प्रशिक्षणात क्वचितच सांगितले जाते. तिथे बहुधा तक्ते सजवायला शिकवतात.