भिंतीतल्या पिंपळाचा तास

परिसरशास्त्राच्या विद्यार्थ्यांना फील्ड व्हिजिट म्हटलं की डोळ्यांपुढे ताम्हिणी येतं, भीमाशंकर येतं. गळ्यात दुर्बीण, पहाटेची बस. त्यांना पुण्यातल्या एखाद्या पेठेत, जुन्या वाड्याच्या भिंतीसमोर नेऊन उभं केलं की चेहरे पडतात. बघायचं काय, तर दगडांच्या सांध्यातून डोकावणारं पिंपळाचं हातभर रोप आणि खाली लावलेल्या स्कूटर.

हे रोप इथं लावलं कुणी? याचं उत्तर बहुतेकांना येतं. पिंपळाची पिकली फळं तांबट, बुलबुल, मैना, कावळे खातात. मोहरीहून बारीक बिया पोटातून धडधाकट बाहेर पडतात आणि विष्ठेबरोबर भिंतीला चिकटतात. चुन्याचा सांधा पाणी धरतो, त्यात धूळ साचते. बीला तेवढं पुरतं.

मग समोरच्या सिमेंटच्या इमारतीवरही पिंपळ आहे, तो कसा? इथं वर्ग थबकतो. नीट पाहिलं तर तो सांडपाण्याच्या पाइपाला बिलगून किंवा गळक्या टाकीखाली असतो. जंगलात झरे शोधायचे तसे शहरात गळके पाइप शोधायचे. प्लंबर वेळेवर आला असता तर ते झाड नसतं.

खरी गंमत पुढे. त्याच भिंतीतली रुई, सुबाभूळ दिवाळीच्या सफाईत उपटली जाते, पिंपळ मात्र राहतो. मुळांनी भिंत फुगते, मालक कुरकुरतो, पण कोयता कुणी उचलत नाही. म्हणजे या भिंतीवर कोणती झाडं टिकणार हे पक्षी, ओल आणि ऊन ठरवतात, तसंच शनिवारचा पिंपळपारही ठरवतो. पाठ्यपुस्तकातल्या परिसंस्थेच्या आकृतीत श्रद्धेला चौकट नसते. शहराच्या परिसरशास्त्रात ती काढावी लागते, आणि शिकवायला हीच गोष्ट सगळ्यात अवघड. विज्ञानाच्या मुलांना झाड मोजता येतं. वाड्यातल्या आजींशी बोलायचं म्हटलं की ती एकमेकांकडे बघतात.

शहराचाच अभ्यास करायचा ही रीत बर्लिनमध्ये चांगली रुजली, आणि तिथंही एक भिंत आडवी आली होती. महायुद्धात पडलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यांवर रान माजलं होतं. 1961 मध्ये पश्चिम बर्लिनभोवती भिंत उभी राहिली, आसपासच्या रानात जाणं दुरापास्त झालं. तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ हर्बर्ट झुकॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिगारे, पडीक रेल्वेमार्ग, मोकळे प्लॉट हेच अभ्यासाला घेतले. आपल्या महारुखाचा एक चिनी भाऊबंद तिथं जोमानं पसरला होता, कारण शहर भोवतालापेक्षा उबदार असतं. ढिगाऱ्यावरचं झाड जणू तापमापकाचं काम करत होतं.

म्हणून परीक्षेला नुसती झाडांची यादी चालत नाही. एक गल्ली निवडायची आणि प्रत्येक झाडापुढे लिहायचं: बी कुणी आणलं, पाणी कुठून मिळतं, आणि ते अजून कुणी का तोडलं नाही. शेवटच्या रकान्यासाठी वॉचमन, फुलवाली, सोसायटीचे सेक्रेटरी यांच्याशी बोलावंच लागतं.

पेठांतले वाडे आता भराभर रीडेव्हलपमेंटला जातायत. गेल्या खेपेची भिंत पुढच्या बॅचला मिळेलच असं नाही, त्यामुळे वहीत आणखी एक रकाना वाढवलाय: भिंत कधी पाडली, आणि आधी पिंपळाची पूजा केली होती का.