घाटात न्यूट्रल टाकल्यावर ब्रेकचं काय होतं?

"अरे, न्यूट्रल टाक ना! उगाच इंजिन कशाला रडवतोस? पेट्रोल तरी वाचेल." परवा बोरघाट उतरताना शेजारी बसलेल्या मामांचं हे पालुपद.

शाळेतलं स्थितिज ऊर्जेचं सूत्र आठवा. खंडाळा ते खोपोली ढोबळ 500 मीटरचा उतार, माणसं-सामान धरून गाडी दीड टनाची. ऊर्जा झाली सुमारे 73 लाख ज्यूल. बादलीभर गार पाण्याला उकळी फुटेल इतकी! थोडी वारा खातो. न्यूट्रलमध्ये उरलेली बहुतेक सगळी ब्रेकच्या माथी. ब्रेकमधलं लोखंड तीसेक किलो धरा. उष्णता बाहेर पडलीच नाही, तर ते 500 अंशांहून जास्त तापेल. प्रत्यक्षात वाऱ्याने ते निवतं, पण पाय सतत ब्रेकवर असेल तर फारसं नाही.

खरी गंमत ब्रेक ऑइलची. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 प्रकारचं नवं ऑइल 205 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात तीन-चार टक्के पाणी मुरलं की 140 च्या आसपासच उकळू शकतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे. वाफ मात्र दाबली जाते, त्यामुळे पेडल स्पंजासारखं आत जातं आणि गाडी थांबत नाही. नंतर सगळं निवलं की बुडबुडे विरतात, पेडल पुन्हा कडक! गॅरेजवाला म्हणतो, "ब्रेक तर ओके आहेत, साहेब."

घाटात शिंग्रोबाला नाणं टाकायला माझी हरकत नाही. इंग्रजांना वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते देऊळ, असं सांगतात. पण नाण्याने ऑइलचा उत्कलनांक वाढत नाही.

दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिनाला फिरवतात. हवेची झडप जवळपास बंद, त्यामुळे पिस्टनला निर्वाताविरुद्ध ओढ घ्यावी लागते आणि वेग आवरला जातो. आजच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत अशा वेळी पेट्रोल तोडलंच जातं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. मामा यावर खोपोलीपर्यंत गप्प.

डिझेल ट्रकचं वेगळं. तिथे सहसा हवा अडवणारी झडप नसते. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलते आणि घेतलेली बरीचशी ऊर्जा परत देऊन टाकते. म्हणून ट्रकला एक्झॉस्ट ब्रेक लागतो. तो धुराची वाटच आवळतो, म्हणजे पिस्टनला हवा बाहेर ढकलतानाही झगडावं लागतं.