घराखालची ड्रेनेज लाईन आणि तिच्यात उतरलेला कॅमेरा

घराचे ड्रेनेज तुंबले की सोलापूरच्या जुन्या पेठांत आधी चेंबरवरची शहाबादी फरशी उचलली जाते, मग बांबूच्या कामट्या येतात आणि कामट्यांनीही पाणी उतरले नाही तर कुदळ येते. अलीकडे कामट्या आणि कुदळ यांच्या मध्ये कॅमेरा येऊ लागला आहे. लवचीक दांड्याच्या टोकाला बसवलेला, दिव्यांनी वेढलेला हा कॅमेरा चेंबरमधून पायपात सारतात आणि आतले चित्र बाहेरच्या पडद्यावर पाहतात. तो घरापर्यंत पोहोचायला मात्र बराच काळ जावा लागला, कारण मुळात तो घरासाठी बनलेलाच नव्हता.

कॅमेऱ्याआधीही पायपाच्या आत पाहण्याच्या रीती होत्या. नवी लाईन टाकली की एका चेंबरात दिवा ठेवायचा आणि पुढच्या चेंबरात आरसा धरायचा. आरशात उजेडाचे पूर्ण वर्तुळ दिसले तर लाईन सरळ, आणि वर्तुळ खालून किंवा बाजूने कापलेले दिसले तर पाईप कुठेतरी बसला किंवा वळला, असे समजायचे. पायपाच्या व्यासापेक्षा किंचित लहान गोळा वरच्या टोकाने सोडून तो खालच्या चेंबरात विनाअडथळा येतो का, हेही पाहिले जाई. सांध्यातून गळती आहे का हे शोधायला पाणी भरून किंवा धूर सोडून चाचणी होत असे. या साऱ्या परीक्षा मुख्यतः माती लोटण्यापूर्वीच्या. एकदा खड्डा बुजला, वर अंगण झाले आणि वीस वर्षे गेली की दिवा आणि आरसा फारसे काही सांगू शकत नाहीत, आणि घरगुती लाईनला तर बहुधा दोन टोकांना दोन चेंबरही नसतात.

दूरचित्रवाणीचा कॅमेरा मैलावाहिनीत पहिल्यांदा नेला गेला तो १९५० च्या दशकात, युरोपात. त्या काळचे कॅमेरे काचेच्या नळीवर चालणारे, अवजड आणि धक्क्याने बिघडणारे असल्यामुळे ते फक्त शहराच्या मोठ्या वाहिन्यांतूनच दोरखंडाने ओढून नेता येत. दिसलेल्या दोषाला सर्वांनी एकाच नावाने ओळखावे यासाठी ब्रिटनमध्ये १९८० साली वाहिन्यांच्या अवस्थेचे वर्गीकरण करणारी पुस्तिका निघाली. तडा, सरकलेला सांधा, मुळे, साचलेला गाळ अशा प्रत्येक दोषाला सांकेतिक अक्षरे आणि पायपाच्या वर्तुळातली त्याची जागा घड्याळाच्या आकड्यांनी सांगायची, ही पद्धत तेव्हापासून पक्की झाली. १२ म्हणजे पायपाचा माथा, ६ म्हणजे तळ. पाहणी करणाऱ्याला ‘तीन वाजता तडा आहे’ असे म्हणताना ऐकले तर गोंधळून जाऊ नये. कॅमेरा लहान झाला तो अर्धवाहक चिपमुळे. १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची, म्हणजे प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणाऱ्या चिपची कल्पना मांडली, ज्यासाठी त्यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रकाश टिपणारी चिप बोटाच्या पेराएवढ्या डोक्यात मावू लागल्यावरच चार इंची घरगुती पायपात कॅमेरा हाताने ढकलणे शक्य झाले.

घरमालकाने पदरचे पैसे घालून अशी पाहणी करून घ्यावी ही रीत प्रामुख्याने अमेरिकेत रुजली, आणि त्याचे कारण तिथल्या पायपांत आहे. आयोवा राज्यात सॅम्युएल ब्लँक नावाच्या गृहस्थाने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलाच्या घरचे मुळांनी तुंबलेले ड्रेनेज मोकळे करण्यासाठी कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर, स्केटची चाके आणि पोलादी तार जोडून पाती फिरवणारे यंत्र बनवले. मुळे कापणे त्यामुळे सोपे झाले, पण कापलेले मूळ पुन्हा वाढते आणि सांधा उघडाच राहतो. त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर लोखंडाला पर्याय म्हणून कागदाचा लगदा आणि डांबर यांचे ‘ऑरेंजबर्ग’ पाईप हजारो घरांखाली गेले. काही दशकांत ते मऊ पडून चपटे झाले. घरापासून रस्त्याखालच्या वाहिनीपर्यंतच्या लाईनची जबाबदारी तिथे पुष्कळ शहरांत मालकाचीच असल्याने जुने घर विकत घेण्याआधी कॅमेरा घालून पाहणे शहाणपणाचे ठरू लागले.

सोलापुरात तो कागदी पाईप नाही, पण आपल्या अडचणी काही कमी नाहीत. १८५२ मध्ये नगरपालिका आणि १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी सुरू झालेले हे गाव गिरण्यांमुळे वाढले. १९०१ साली सुमारे ७५ हजारांची वस्ती २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांवर गेली, १९६४ मध्ये महानगरपालिका आली आणि १९९२ च्या हद्दवाढीत मजरेवाडी, सोरेगाव, शेळगी, बाळे यांसारखी गावे शहरात सामील झाली. पेठांतल्या घरांखाली दोन-दोन फुटांचे स्टोनवेअरचे, म्हणजे भाजक्या मातीचे पाईप सिमेंटने सांधलेले सापडतात, म्हणजे चाळीस फुटांच्या लाईनला वीसेक सांधे. हद्दवाढ भागात आधी सेप्टिक टँक आणि शोषखड्डा होता. पुढे रस्त्यावर लाईन आल्यावर काहींनी टाकी वगळून जोडणी घेतली, काहींनी टाकी तशीच मध्ये ठेवली, आणि घराचे मालक बदलत गेल्यावर ती टाकी कुठे आहे हे सांगणारे कोणी उरले नाही.

त्यावर आपली काळी माती आहेच. उन्हाळ्यात ती हातभर भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि या वर्षानुवर्षांच्या खालीवर होण्याने पायपाखालचा आधार हलून सांधे सरकतात, मधला पाईप पोट सोडून बसतो. चार इंची पायपाला चाळीसात एक ढाळ असावा हा जुना ठोकताळा गवंड्यांना माहीत असतो, पण माती तो ढाळ तसाच ठेवीलच असे नाही. नळाला पाणी काही दिवसांआड येत असल्याने लोक संडासातही जपून पाणी टाकतात. घाण वाहून नेण्याइतका लोट लाईनला मिळत नाही आणि बसलेल्या पायपात ती थांबते. परसातला कडुनिंब अशा ओलसर सांध्याचा माग बरोबर काढतो. तुंबण्याचा दोष सुनेच्या भांडी घासण्यावर किंवा भाडेकरूच्या सवयींवर ढकलला जातो, त्यातल्या पुष्कळ वेळा खरे कारण या तिघांत असते: माती, पाणी आणि झाड.

कॅमेऱ्याकडे वळण्याला आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठे. ड्रेनेज किंवा टाकी साफ करायला माणूस आत उतरवणे ही आपल्याकडची जुनी आणि जीवघेणी रीत. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला. २०१३ च्या कायद्याने मैलावाहिनी आणि सेप्टिक टँकची जोखमीची सफाई कोणाकडूनही करून घेण्यास मनाई केली, आणि ही मनाई संस्थांइतकीच खासगी व्यक्तीलाही लागू आहे. मृत्यू झाल्यास १० लाख रुपये भरपाईचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा आदेश होता, ती रक्कम २०२३ मध्ये ३० लाख झाली. घरमालकाने ‘जरा उतरून बघ’ म्हणण्याचे दिवस कायद्याने संपले आहेत. प्रत्यक्षात ते अजून पूर्ण संपलेले नाहीत.

पाहणी प्रत्यक्षात कशी होते ते पाहण्यासारखे असते. आधी जेटिंगच्या दाबाच्या पाण्याने लाईन धुतात, कारण गढूळ पाण्यात बुडालेल्या कॅमेऱ्याला तपकिरी धुक्यापलीकडे काही दिसत नाही. मग दांडा सरकू लागतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात अंतर मोजले जाते. दोन-दोन फुटांवर सांध्याची कडी येते आणि मागे पडते. एका कडीतून केसांच्या बटेसारखी बारीक मुळे लोंबताना दिसतात. पुढे तळातले पाणी हळूहळू वर चढत अर्धा पाईप भरते आणि काही फुटांनी पुन्हा उतरते. तिथेच पाईप बसलेला असतो. कॅमेऱ्याच्या डोक्यात बहुधा ५१२ हर्ट्झचा संदेश सोडणारा ट्रान्समीटर असतो; जमिनीवर शोधयंत्र फिरवून ती जागा आणि खोली कळते, आणि फरशीवर खडूने फुली मारली जाते. सगळे अंगण खणण्याऐवजी त्या फुलीखालीच खणता येते.

फुली महानगरपालिकेच्या चेंबरच्या अलीकडे पडली की पलीकडे, यावर खर्च कोणाचा हे ठरते, कारण घरापासून त्या चेंबरपर्यंतची जोडणी सामान्यतः मालकाने सांभाळायची असते. सामाईक बोळातून तीन घरांची लाईन एकत्र जात असेल तर शेजाऱ्यांतला वादही चित्रासमोर लवकर मिटतो. कॅमेऱ्याने तुंबलेले मोकळे होत नाही, आणि पायपाबाहेर माती वाहून गेल्याने झालेली पोकळीही त्याला दिसत नाही. एवढे ठाऊक असेल तर फसवणूक टळते. पाहणीनंतर चित्रफीत मागून घ्यावी, आणि तिच्यात तारीख, कोणत्या चेंबरमधून कोणत्या दिशेने कॅमेरा गेला आणि दर दोषाचे अंतर नोंदलेले आहे ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. त्या अंतरांवरून अंगणाचा एक कच्चा नकाशा कागदावर काढून तो घराच्या कागदपत्रांत ठेवला, तर घराखाली काय गेले आहे हे पुढच्या मालकाला खणून शोधावे लागणार नाही.