गोंदण-वेदना

त्वचेत सुईने रंग भरताना होणारी वेदना. ती शरीराच्या सर्व भागांवर सारखी नसते आणि एकाच जागी दोन व्यक्तींनाही सारखी जाणवत नाही. सातारा-सांगली भागातील यात्रा-जत्रांत गोंदून घेण्याची रीत जुनी आहे. कपाळ, हनुवटी, मनगट आणि हाताची बाहेरील बाजू ही स्त्रियांच्या गोंदणाची रूढ स्थाने होत.

रंग टिकावा म्हणून सुई बाह्यत्वचा ओलांडून अंतस्त्वचेत, साधारणपणे १ ते २ मिमी. खोल जावी लागते. तेथील वेदनावाहक मज्जातंतूंपैकी जलद असे ए-डेल्टा तंतू तीक्ष्ण टोचणी तत्काळ कळवतात. मागाहून येणारी, रेंगाळणारी जळजळ संथ अशा सी तंतूंची. बोलीत तिलाच ‘चरचर’ म्हणतात.

दंडाची बाहेरील बाजू, मांडीची पुढची व बाहेरील बाजू आणि पोटरी येथे त्रास कमी, तर बरगड्या, काख, पाऊल व मणक्यावर अधिक, असा गोंदणाऱ्यांचा अनुभव. कारणाविषयी मात्र मतभेद आहे. ‘हाड जवळ, म्हणून दुखतं’ हे स्पष्टीकरण सर्वत्र ऐकू येते. अस्थ्यावरणात, म्हणजे हाडावरील पातळ आवरणात, मज्जातंतू विपुल असतात हे खरे. पण नीट धरलेली सुई तेथवर पोहोचत नाही, पोहोचतो तो यंत्राचा कंप. शिवाय दंडाची आतील बाजू, काख आणि गुडघ्यामागची खोलगट जागा हाडावर ताणलेली नसूनही फार दुखते. त्यामुळे त्वचेचा पातळपणा व मज्जातंतूंचा पुरवठा यांना महत्त्व देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. तेही अपुरे आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेदनेची नेमकी जागा ओळखण्याची क्षमता कपाळ व बोटांच्या टोकांवर सर्वाधिक आढळली. बोटांच्या टोकांशी मात्र वेदनावाहक तंतू तुलनेने विरळ असतात. म्हणजे मेंदूत शरीराच्या भागांची जी मांडणी असते, तिचाही यात वाटा असावा. कपाळासारख्या संवेदनशील जागी परंपरेने दोन-चार ठिपकेच येतात, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. वेदना जागेइतकीच कालावधीवरही अवलंबून असते.

वेदना शमवण्यासाठीच गोंदण सुरू झाले असावे, असा एक तर्क आहे. आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या बर्फात गोठलेल्या मानवाच्या देहावर गोंदणाच्या ६१ खुणा आहेत, त्यांपैकी अनेक कंबर, गुडघा व घोट्याजवळ. दुखऱ्या सांध्यावर गोंदण्याची समजूत आपल्याकडेही आढळते. पण तेवढ्यावरून दोन्हींचा उगम एक मानणे धाडसाचे ठरेल.

व्यक्तिभेदात भीती, अपुरी झोप, पूर्वानुभव आणि लक्ष कोठे आहे यांचा प्रभाव मोठा. प्रयोगशाळेतील चाचण्यांत स्त्रियांचा वेदनेचा उंबरठा सरासरीने कमी आढळतो. तरी गावगाड्यात गोंदणाचा मोठा भाग स्त्रियांनीच सोसला आहे. गोंदणारीण बोलत, क्वचित गाणे म्हणत सुई चालवी. मेलझॅक व वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांतानुसार मज्जारज्जूतील वेदना-संदेशावर स्पर्शाचे आणि मेंदूकडून येणारे संदेश परिणाम करतात. मुलीचा हात घट्ट धरून बसणारी आई किंवा मावशी या दृष्टीने नुसती सोबत नसे.

गोंदून झाल्यावर हळद लावण्याची चाल आहे. ठणका बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो.