न्हाणीघरातल्या नववधू आणि एक भटकी चेता

जॉर्ज जोसेफ स्मिथची गोष्ट सांगणारा माणूस हटकून त्याच्या डोळ्यांपाशी येऊन अडतो. त्या डोळ्यांत म्हणे संमोहन होतं, बायका बघता बघता भान हरपायच्या. १९१५ साली लंडनमध्ये बायकोला टबात बुडवून मारल्याबद्दल त्याच्यावर खटला उभा राहिला तेव्हाही ही वदंता होतीच, आणि शंभर वर्षं उलटून गेली तरी ती चघळली जाते. मला त्या डोळ्यांचा कंटाळा आलाय. या प्रकरणात थक्क व्हावं असं जे आहे, ते मेंदूच्या बुडातून निघून मानेतून छातीत उतरणाऱ्या एका चेतेत, म्हणजे मज्जातंतूत आहे. तिच्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

आधी गोष्ट. बेसी मंडी ही बँक मॅनेजरची मुलगी. वडील गेल्यावर तिच्या नावे सुमारे अडीच हजार पौंड होते, पण ते नातेवाइकांच्या देखरेखीखालच्या ट्रस्टमध्ये. तिच्या हाती महिन्याला आठ पौंड पडायचे. १९१० मध्ये तिशी ओलांडलेल्या बेसीला 'हेन्री विल्यम्स' भेटला आणि काही दिवसांतच वेमथला दोघांचं लग्न लागलं. हा हेन्री म्हणजे स्मिथच. त्याची एक कायदेशीर बायको आधीपासून होती, शिवाय बेकायदेशीर किती, याचा हिशेब वेगळा. ट्रस्टचं थकलेलं व्याज हाती पडताच त्यानं पोबारा केला. मागे चिठ्ठी ठेवली, तीही 'तुझ्यामुळे मला घाणेरडा रोग जडला' असा उलटा आरोप करणारी.

दीड वर्षानंतर, मार्च १९१२ मध्ये, बेसी वेस्टन-सुपर-मेअर या समुद्रकाठच्या गावी राहत होती. एका सकाळी ती डॅफोडिल्सची फुलं आणायला बाहेर पडली आणि किनाऱ्यावर तो उभा दिसला. त्याच दिवशी ती त्याच्याबरोबर निघून गेली.

इथे लोकांना संमोहन आठवतं. मला १९११ ची जनगणना आठवते. इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांपेक्षा दहा लाखांहून अधिक स्त्रिया होत्या, आणि बिनलग्नाची बाई म्हणजे जन्मभर कुणाच्या तरी घरातली पाहुणी. नवऱ्यानं टाकलेली बाई तर त्याहून वाईट. परतलेला नवरा म्हणजे गेलेली अब्रू परत. एवढं उघड कारण समोर असताना वशीकरण कशाला हवं?

ट्रस्टमधली मुद्दल बेसी जिवंत असेपर्यंत नवऱ्याला मिळणार नव्हती. ८ जुलैला दोघांनी एकमेकांच्या नावे मृत्युपत्रं केली. दुसऱ्याच दिवशी स्मिथनं हर्न बे इथल्या भाड्याच्या घरासाठी पत्र्याचा एक टब घासाघीस करून घेतला. लांबी जेमतेम पाच फूट, नळ नाही, पाणी बादलीनं वर न्यायचं. मग तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला आणि हिला फिट आली म्हणाला. बेसीला डोकं दुखल्यापलीकडे काही आठवत नव्हतं. डॉक्टरनं फिटवरचं औषध म्हणून ब्रोमाइड दिलं. १३ जुलैला सकाळी त्याच डॉक्टरला निरोप गेला. बेसी टबात होती, तोंड पाण्याखाली, पाय सरळ ताठ होऊन पाण्याबाहेर आलेले, उजव्या हाताच्या मुठीत साबणाची वडी. अंगावर झटापटीची खूण नाही. अपघाती मृत्यू म्हणून नोंद झाली. स्मिथनं टब दुकानदाराला परत केला.

पुढच्या वर्षी ब्लॅकपूलला अॅलिस बर्नहॅम. डिसेंबर १९१४ मध्ये लंडनच्या हायगेट भागात मार्गारेट लॉफ्टी, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी. तीच तऱ्हा, फक्त आता पैसा विम्याचा. मार्गारेटची बातमी अॅलिसच्या वडिलांनी पेपरात वाचली आणि धागा जुळला.

तपास इन्स्पेक्टर आर्थर नील यांच्याकडे आला. दफन केलेले देह उकरून तपासले ते शवविच्छेदनतज्ज्ञ डॉ. बर्नार्ड स्पिल्सबरी यांनी. कोडं असं होतं: साडेपाच फुटांहून उंच, धडधाकट बाई पाच फुटी टबात बुडवायची आणि अंगावर ओरखडा नाही, हे जमतं कसं? खांदे दाबले तर ती टबाची कड धरेल, नखं मारेल, पाणी उडेल. शेवटी नील यांनी पोहण्यात तरबेज असलेल्या एका बाईला टबात बसवलं. डोकं दाबायचा प्रयत्न तिनं परतवून लावला. मग त्यांनी अचानक तिचे दोन्ही पाय धरून वर खेचले. ओल्या, गुळगुळीत टबात घर्षण जवळजवळ नाहीच. कंबर पुढे सरकली, धड मागच्या उतारावरून घसरलं आणि डोकं सपकन पाण्याखाली गेलं. हातपाय मारायच्या आत ती बेशुद्ध झाली. शुद्धीवर आणायला सुमारे अर्धा तास लागला. प्रयोग तिथेच थांबले.

पाण्यात पटाईत असलेली बाई क्षणात बेशुद्ध का व्हावी? बुडणं म्हणजे फुफ्फुसांत पाणी जाणं एवढंच आपण शाळेत शिकतो, पण त्याला वेळ लागतो. इथे काही वेगळंच घडलं, आणि इथेच ती चेता येते. व्हेगस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच 'भटकणारी'. मेंदूतून थेट निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी ही दहावी. घसा, स्वरयंत्र, हृदय, जठर, सगळीकडे हिचे फाटे.

हृदयाला धडधडायला मेंदूची गरज नसते. उजव्या अलिंदातला, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातला, पेशींचा एक पुंजका स्वतःच मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देतो. विश्रांतीत आपली नाडी सत्तरच्या घरात असते, कारण व्हेगसचा पाय सतत ब्रेकवर असतो. १८४५ मध्ये वेबर बंधूंनी या चेतेला विजेचा झटका देऊन धडधडतं हृदय थांबवून दाखवलं. पण चेता हृदयाला 'थांब' म्हणते ते कोणत्या भाषेत? ऑटो लोवी यांचा १९२१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला विज्ञानातला सगळ्यात देखणा प्रयोग वाटतो. बेडकाची दोन हृदयं, दोन्ही क्षारद्रावात धडधडती. एकाच्या व्हेगसला झटका दिला, ते मंदावलं. मग त्याच्यातला द्राव नुसता दुसऱ्या हृदयाला दिला. त्याला कुणी शिवलंही नव्हतं, तरी तेही मंदावलं! म्हणजे निरोप विजेचा नव्हता, रसायनाचा होता. ते रसायन म्हणजे असेटिलकोलीन. ते त्या पुंजक्यातल्या पेशींवर निरोप टिपणाऱ्या मस्कॅरिनिक ग्राहींना चिकटतं, पोटॅशियमची दारं उघडतात, धन प्रभार बाहेर झिरपतो, पेशीच्या आतला विद्युतदाब आणखी ऋण होतो आणि पुढच्या ठोक्याचा उंबरठा लांब पडतो. जोर फार झाला तर ठोका पडतच नाही. आपण काळजाचा ठोका चुकला म्हणतो ना, तसं. (काळीज म्हणजे खरं तर यकृत, पण ते असो.)

आता टबाकडे या. पाणी संथपणे नाकात गेलं तर आपण श्वास रोखतो. ते एकदम, जोरात, उलट्या दिशेनं नाक-घशात घुसलं तर तिथल्या चेता मेंदूच्या बुडाला हाक देतात आणि तिथून व्हेगसमार्गे हृदयाला कचकचून ब्रेक लागतो. मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंद जरी तुटला, तरी शुद्ध हरपते. बेसीच्या मुठीतला साबण स्पिल्सबरींना याचाच पुरावा वाटला: मृत्यू इतका अचानक, की मूठ उघडायलाही सवड नव्हती. शिवाय आकडीत, म्हणजे स्मिथ सांगत होता त्या फिटमध्ये, शरीर आधी ताणलं जातं. तसं झालं असतं तर पायांचा रेटा टबाच्या टोकाला बसून डोकं वर सरकलं असतं.

स्पिल्सबरींचा शब्द कोर्टात वेदवाक्य मानला जायचा, आणि ही सवय डोळ्यांतल्या जादूवर विश्वास ठेवण्यापेक्षा फार वेगळी नाही. 'व्हेगसमुळे तत्काळ मृत्यू' या निदानाची शवविच्छेदनात खूण सापडत नाही, म्हणून ते नाकारताही येत नाही. शिवाय व्हेगसनं थांबवलेलं हृदय सहसा तसंच थांबून राहत नाही. काही सेकंदांत निलय, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे, आपल्या संथ गतीनं स्वतःच सुरू होतात, चेता उत्तेजित असली तरीसुद्धा. या सुटकेला नावच आहे, व्हेगल एस्केप. नील यांची जलतरणपटू वाचली याचाही अर्थ लावावा लागेल. मला वाटतं, त्या चेतेनं बेशुद्ध केलं आणि उरलेलं काम पाण्यानं केलं. त्यासाठी डोकं काही मिनिटं पाण्याखाली राहणं एवढंच पुरे होतं.

हायगेटच्या घरमालकिणीनं कोर्टात सांगितलं की वरून पाणी उडाल्याचा आवाज आला, टबाच्या कडेवर ओले हात घासल्यासारखं काही ऐकू आलं, मग एक सुस्कारा. त्यानंतर खालच्या बैठकीच्या खोलीत कुणीतरी हार्मोनियम वाजवू लागलं. ते सुमारे दहा मिनिटं चाललं. मग बाहेरचं दार आपटलं आणि थोड्या वेळानं बेल वाजली. स्मिथ दारात उभा होता, हातात बायकोच्या जेवणासाठी आणलेले टोमॅटो.