पंपाला ओढता किती येतं?

इंधनाचा फिल्टर पंपाच्या आधी बसवावा की नंतर? कचरा पंपात जायलाच नको, म्हणून आधी, असं चटकन सुचतं. यात वातावरणाचा दाब मात्र विचारात घेतलेला नसतो.

पंप खरं तर इंधन ओढत नाही. तो आपल्या तोंडाशी दाब कमी करतो, आणि टाकीतल्या इंधनावरचा हवेचा दाब ते तिकडे ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीला सुमारे 1 बार. म्हणजे पंप कितीही दांडगा असला तरी त्याच्या अलीकडे 1 बारपेक्षा जास्त जोर मिळणारच नाही. पलीकडे मात्र इंजेक्शनच्या (इंधन दाबाने फवारणाऱ्या) गाडीतला पंप 3-4 बार दाब सहज देतो.

पेट्रोलला तर तो 1 बारही पुरता वापरता येत नाही. उन्हाळ्यात तापलेल्या पेट्रोलचा बाष्पदाब, म्हणजे ज्याच्या खाली दाब गेला की ते उकळू लागतं तो दाब, अर्ध्या बारच्याही वर जातो. अशा वेळी पंपाआधी बारीक फिल्टर असेल आणि तो थोडा चोंदला, तर त्यापुढचा दाब इतका घसरतो की पेट्रोल नळीतच उकळू लागतं. पंपात बुडबुडे शिरतात. विजेवरच्या पंपाला थंडावा आणि वंगण दोन्ही इंधनच पुरवतं, त्यामुळे इंजिन अडखळतंच, शिवाय पंपही झिजतो. चढावर, जास्त इंधन लागतं तेव्हा, हा त्रास आधी दिसतो.

म्हणून पंप टाकीतच बुडवतात, त्याच्या तोंडाशी 70-100 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ढोबळ जाळी लावतात, आणि 10 मायक्रॉनच्या आसपासचे कण अडवणारा फिल्टर पंपानंतर, दाबाच्या बाजूला ठेवतात.

डिझेलचं गणित थोडं वेगळं. त्यात पाणी असू शकतं, आणि पंपात घुसळून निघालं की त्याचे इतके बारीक थेंब होतात की ते वेगळं करणं अवघड. त्यामुळे पाणी वेगळं करणारा फिल्टर पंपाआधी असणं इथे फायद्याचं. डिझेल सहजासहजी उकळत नाही, म्हणून ते परवडतंही.

गळतीही दोन्हीकडे सारखी नसते. पंपाआधीचा जोड सैल झाला तर बाहेर थेंबही दिसत नाही, उलट हवा आत शिरते; असा दोष शोधताना चांगले मेकॅनिकही वैतागतात. पंपानंतरचा जोड सैल झाला तर इंधन बाहेर उडतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत दाब अर्ध्या बारच्याही आत असे, त्यामुळे पारदर्शक प्लॅस्टिकचा फिल्टर कुठेही चालून जायचा. तोच इंजेक्शनच्या दाबाच्या नळीवर बसवणं म्हणजे आगीला निमंत्रण.